मदत हवी आहे: नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण ७२० चे आणि साठवणीचे चित्रण १०८० चे, एकाच वेळी जमेल का?

नमस्कार.

सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक परगावच्या नातलगांना पाहता यावी, म्हणून मार्गावरील एका परिचितांच्या गच्चीवरून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करण्याचा विचार आहे. कॅमेरा १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र देतो आणि ते कॅप्चर कार्डमार्फत (कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये घेणारे उपकरण) लॅपटॉपवरील ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपण व चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये येते. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा असून ओबीएसमध्ये कॅनव्हासही (चित्र मांडण्याची चौकट) तेवढाच आहे; आउटपुट (बाहेर जाणारे चित्र) १२८० × ७२० ठेवले आहे. घरच्या चाचणीत प्रक्षेपण ठीक दिसले, पण साठवलेल्या चित्रणात दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे पुसट आली. यात्रेच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मंदावत असल्याने प्रक्षेपण ७२० चेच हवे. संग्रही ठेवायची प्रत मात्र १०८० ची हवी.

दुसरी अडचण चौकटीची आहे. काठ्या इतक्या उंच असतात की आडव्या चौकटीत शेंडा घ्यायचा तर काठी पेलणारा माणूस अगदी लहान दिसतो. मग सगळे चित्रण उभेच करावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

कॅनव्हास पडद्याएवढाच असावा, असे काही बंधन नाही. सध्या आपले चित्र आधी १०८० वरून ७६८ वर आणि तेथून ७२० वर, असे दोनदा आकसते. पुसटपणाचे एक कारण तेच. बेस (म्हणजे कॅनव्हास) आणि आउटपुट दोन्ही १९२० × १०८० करा, आउटपुटचा ॲडव्हान्स्ड मोड निवडा आणि फक्त स्ट्रीमिंगच्या भागात रीस्केल आउटपुट (चित्राचा आकार बदलणे) १२८० × ७२० द्या. रेकॉर्डिंगसाठी 'यूज स्ट्रीम एन्कोडर' निवडलेले असेल तर साठवणही ७२० चीच होते, म्हणून तेथे वेगळा एन्कोडर (चित्र संकुचित करणारी यंत्रणा) निवडणे आवश्यक आहे.

उभ्या चौकटीबाबत माझे मत प्रतिकूल आहे. आडव्या चित्रातून ९:१६ ची चौकट कापली, तर १०८० उंचीला रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते. कॅमेराच कुशीवर वळवून लावला तर पूर्ण १०८० × १९२० मिळते, पण मग मिरवणुकीचा विस्तार हातचा जातो, आणि घरातील वडीलधारी मंडळी तर टीव्हीवरच पाहणार. त्यापेक्षा कॅमेरा शक्य तितका मागे न्यावा आणि उभे चित्रण मोबाइलवर स्वतंत्र करावे.

मूळ धागाकर्ता

आभारी आहे. रीस्केल करून पाहिले. अक्षरे स्पष्ट आली, परंतु लॅपटॉप जुना असल्याने मधूनमधून फ्रेम (चित्रणातील एकेक चित्र) गळतात. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद

दोन एन्कोडिंग एकाच वेळी चालल्याने प्रोसेसरवर ताण येतो. लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा हार्डवेअर एन्कोडर यादीत दिसत असेल तर तो वापरून पाहा. माझा कल मात्र वेगळा आहे: कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल आणि एचडीएमआय चालू असतानाही त्यावर चित्रण होत असेल, तर १०८० ची प्रत तेथेच घ्यावी आणि लॅपटॉपला केवळ ७२० चे प्रक्षेपण करू द्यावे. कॅमेरा २५ फ्रेमवर असल्यास ओबीएसमध्येही २५ च ठेवा, आणि सायंकाळी रोषणाई लुकलुकताना दिसू नये म्हणून शटर १/५० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बिटरेट (दर सेकंदाला पाठवली जाणारी माहिती) ४००० केबीपीएसच्या आसपास पुरेल. गच्चीवरचा अपलोड वेग त्याच्या दीडपट तरी आहे ना, हे गर्दीच्या वेळीच तपासावे. प्रक्षेपण चालू असताना रिझोल्यूशन बदलता येत नाही, त्यामुळे हे सर्व त्याआधीच ठरवून ठेवा.