पुणे-दिल्ली ११५७ किमी, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे?

वसंतबाग: अंतर दाखवणाऱ्या साइटवर पुणे-दिल्ली ११५७ किमी येतं. ताशी ८५० ने भागलं तर दीड तासही होत नाही. तिकिटावर मात्र २ तास १५ मिनिटं. खरं काय धरायचं? सांगलीहून कारने निघायचंय आणि नवी दिल्ली स्टेशनवरून पुढची रेल्वे पकडायचीय.

मिरज_जंक्शन: दोन्ही आकडे बरोबर आहेत. ११५७ हे सरळ हवाई अंतर. घरी पडताळा: अक्षांशांतला फरक साधारण १० अंश, गुणिले १११, म्हणजे १११० किमी. रेखांशांतला ३.२ अंश, पण दोन रेषा उत्तरेकडे जवळ येतात म्हणून गुणिले १११ गुणिले ०.९२, म्हणजे ३२७. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. झालं ११५७.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. १० हजार फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीच्या आत ठेवावा लागतो. चढायला २५ मिनिटं. उतरण सुमारे २०० किमी आधीच सुरू होते, तीही २५. पूर्ण वेगात उरतात जेमतेम ७५० किमी, म्हणजे ५५ मिनिटं. वळसे आणि रांग १०, दोन्हीकडची जमिनीवरची धाव २० ते २५. करा बेरीज.

वसंतबाग: मग येताना वाऱ्यामुळे फरक पडेल का?

मिरज_जंक्शन: या मार्गावर थोडाच. वरचा पश्चिमी वारा इथे बहुतेक आडवा लागतो. मुंबई-कोलकात्याला तो जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर, तिथे हिवाळ्यात फरक चांगला जाणवतो. दुबईचं गणित वेगळंच, घड्याळही दीड तास मागे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका.

पेठनाका: सव्वादोन तासांवर एवढा खल, पण वेळ खाणार रस्ता. सांगली-पेठ नाका-कराड-सातारा-लोहगाव (पुण्याचा विमानतळ) साडेचार ते साडेपाच तास धरा. खंबाटकीत ट्रक बंद पडला किंवा नवले पुलाशी गर्दी लागली की तास सहज जातो. चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. म्हणून दुपारी २ च्या विमानाला सकाळी ६ ला घर सोडा.

दिल्लीत आधी टर्मिनल बघा. टी३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो २० मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला नेते. टी१ वर ती लाइन नाही, तिथे मॅजेंटा लाइन आहे, गाडी बदलावी लागते. बॅग पट्ट्यावर यायला अर्धा तास. म्हणजे विमान पोचण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी रेल्वे घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, तेव्हा सकाळी उतरणारं विमान आणि दुपारची रेल्वे ही जोडी लावूच नका.