दुसऱ्यांदा बायपास: छातीच्या हाडातून की डाव्या बरगड्यांमधून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांची (वय 69) बायपास 13 वर्षांपूर्वी झाली. तेव्हा तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) घातले: छातीतली लिमा ही धमनी एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीच्या वाहिनीला, आणि पायातल्या शिरांचे दोन, एक मागच्या बाजूच्या ओएम या वाहिनीला आणि एक हृदयाच्या उजव्या वाहिनीला. गेले चार महिने जिना चढताना छाती भरून येते. अँजिओग्राफीत लिमा ठणठणीत निघाली, पण ओएमचा ग्राफ्ट पूर्ण बंद आहे आणि उजवीकडचा बराच अरुंद. ईएफ (हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता) 45 टक्के, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू. ओएमच्या मूळ वाहिनीत स्टेंटचा प्रयत्न झाला. तार अडथळ्याच्या पलीकडे गेलीच नाही.

दोन सर्जनना दाखवलं. दोघेही अनुभवी आहेत, मतं मात्र दोन टोकांची.

पहिले म्हणतात, जुन्याच हाडातून उघडू, हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) हृदय थांबवू आणि दोन्ही ग्राफ्ट एकदमच नवे घालू. दुसरे म्हणतात, हाडाला हात लावायचाच नाही. डाव्या बरगड्यांमधून शिरून, हृदय धडधडत असतानाच ओएमला एक ग्राफ्ट जोडायचा आणि त्याचं वरचं टोक खाली उतरणाऱ्या महाधमनीला. तिथून उजव्या वाहिनीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून तिकडे नंतर स्टेंट.

माझा जीव अडकलाय तो लिमात. सीटी स्कॅनमध्ये ती हाडाच्या अगदी मागून जाताना दिसते, आणि हृदयाची पुढची सगळी भिंत तिच्यावरच जगते आहे. हाड कापताना तिला धक्का लागला तर? पण ती जपण्यासाठी उजवी बाजू अर्धवट सोडणं शहाणपणाचं आहे का? कुणाच्या घरी असा निर्णय घ्यावा लागला असेल, किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल, तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात आम्हाला उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद 1:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये हार्ट-लंग मशीन चालवते. निर्णय डॉक्टरांचाच, पण काय विचारायचं ते सांगते.

हाड उघडताना लिमा सांभाळणं ही पहिली अडचण. धोका जास्त वाटला तर करवत लावायच्या आधीच मांडीतल्या वाहिन्यांतून मशीन जोडून ठेवतात. दुसऱ्या अडचणीबद्दल घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. हृदय थांबवायचं औषध दिलं तरी चालू लिमातून रक्त येतच राहतं आणि औषध धुऊन जातं. म्हणून बरेच सर्जन तिला चिमटा लावतात, आणि त्यासाठी चिकटलेल्या भागातून ती शोधून मोकळी करावी लागते. इजा तिथेही होऊ शकते. शिवाय पायाच्या शिरेच्या जुन्या ग्राफ्टमध्ये मऊ गाळ साचलेला असतो. हाताळताना तो सुटून हृदयाच्या स्नायूत जाऊ शकतो. डावीकडून गेलं तर यातलं बरंचसं टळतं.

पण तो रस्ताही फुकटचा नाही. डावं फुफ्फुस काही वेळ बंद ठेवावं लागतं. महाधमनीच्या त्या भागात कॅल्शियम असेल तर तिथे टाका घालणं धोक्याचं. आणि उजवीकडचा स्टेंट मूळ वाहिनीत बसेल की जुन्या ग्राफ्टमध्ये, हे आत्ताच विचारा. शक्य असेल तर मूळ वाहिनी बरी, कारण जुन्या ग्राफ्टमधले स्टेंट पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. ते जमणार नसेल तर पहिल्या सर्जनच्या म्हणण्याला वजन येतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार, ताई. फुफ्फुसाचं वाचून धस्स झालं. बाबा वीस वर्षं सिगारेट ओढत होते आणि हे दुसऱ्या सर्जनना सांगायचंच राहून गेलं. फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी अजून झालेली नाही. उद्या सकाळीच फोन करून ती करून घेतो, आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन उजव्या मूळ वाहिनीबद्दल कार्डिओलॉजिस्टना विचारतो. रिपोर्ट आले की इथेच लिहितो.