जुन्या स्पार्कस्टेशनवर लाटेक् कसे बसवावे?

प्रश्न

माझ्याकडे ६४ एमबी मेमरीचे सन कंपनीचे जुने वर्कस्टेशन, स्पार्कस्टेशन ५, असून त्यावर सोलारिस २.६ ही युनिक्स प्रणाली चालते. लाटेक्‌मध्ये (छपाईसाठी पाने जुळवणारी प्रणाली) मजकूर जुळवून, तिने दिलेल्या डीव्हीआय फाइलीतून डीव्हीआयपीएस या प्रोग्रॅमने छपाईची पोस्टस्क्रिप्ट फाइल काढता यावी, एवढीच माझी गरज आहे. टेक् लाइव्ह या लाटेक् असलेल्या संचाचा ताजा सोर्स उतरवला, पण /यूएसआर/यूसीबी मधला सीसी हा सी कंपायलर ‘भाषेचे पॅकेज बसवलेले नाही’ एवढे सांगून थांबतो. जीसीसी २.९५ हा मुक्त कंपायलर बसवल्यावर कॉन्फिगर ही बांधणीपूर्व तपासणीची स्क्रिप्ट सी++ च्या तपासणीपाशी अडकते. पुढे काय करावे?

प्रतिसाद १

तो सीसी म्हणजे नुसती पाटी आहे. सोलारिस २ पासून कंपायलर वेगळा विकत घ्यावा लागे. ताज्या टेक् लाइव्हच्या मागे मात्र लागू नये. त्यातील लुआटेक्, झीटेक् ही टेक्‌ची नवी रूपे आणि त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या आधुनिक सी++ मागतात, आणि जीसीसी २.९५ हा १९९९ सालचा आहे. आपल्या गरजेला २००५ सालचे टीटेक् ३.० हा जुना टेक् संच पुरेसा आहे. सोर्सची गठडी उलगडताना टार या प्रोग्रॅमची जीएनयू आवृत्ती वापरावी, कारण सोलारिसचा टार लांब नावांच्या फाइलींवर ‘चेकसम चुकला’ अशी तक्रार करतो आणि माणूस उगाच डाउनलोडला दोष देत बसतो. बांधणी चालवणारा मेकही जीएनयूचाच हवा. पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधण्याच्या डिरेक्टरींच्या यादीत) /यूएसआर/सीसीएस/बिन हे यूसीबीच्या आधी असावे, कारण एआर आणि एलडी ही लायब्रऱ्या बांधण्याची व जोडण्याची साधने तिथेच असतात. कॉन्फिगर अडखळल्यास कॉन्फिग_शेल या व्हेरिएबलमध्ये केएसएच हा शेल द्यावा. बांधणी रात्री लावून झोपावे, हे उत्तम.

प्रश्नकर्ता

बांधणी झाली, आभारी आहे. परंतु लाटेक् चालवताच फॉरमॅट फाइल (मॅक्रो आधीच वाचून साठवलेली फाइल) सापडत नसल्याचा संदेश येतो. मॅक्रो आणि फॉन्ट असलेले टेक्सएमएफचे झाड (डिरेक्टरींची रचना) मी मेक इन्स्टॉल झाल्यानंतर उलगडले होते.

प्रतिसाद २

मग फॉरमॅट तयार होणार कसे? त्यासाठी लागणारे मॅक्रो त्या वेळी डिस्कवर नव्हतेच. आता रूट म्हणून ‘टेककॉन्फिग-सिस इनिट’ चालवावे; त्यात फाइलींची सूची नव्याने बनते आणि फॉरमॅटही तयार होतात. नावातील ‘सिस’ विसरू नये. साधे टेककॉन्फिग चालवल्यास सर्व फाइली चालवणाऱ्याच्या होम डिरेक्टरीतील ‘.टेक्सएमएफ-व्हार’ या लपलेल्या फोल्डरात जातात आणि इतरांना तोच संदेश दिसत राहतो. मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. नंतर केपीएसईव्हिच या फाइल शोधणाऱ्या आज्ञेला लाटेक्‌ची फॉरमॅट फाइल विचारावी. पूर्ण पाथ छापून आला तर काम झाले.

प्रतिसाद १

एक भर घालतो. टीएफएम (फॉन्टची मापे असलेल्या) आणि डीव्हीआय फाइलींमधील बाइटचा क्रम प्रत्येक यंत्रावर सारखाच असतो. त्यामुळे मोठा दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर जुळवून त्याची डीव्हीआय इथे आणली, तरी डीव्हीआयपीएस ती विनातक्रार वाचते. फक्त त्यात वापरलेले फॉन्ट इथल्या झाडात असावेत.

प्रश्नकर्ता

‘सिस’च राहिले होते. केपीएसईव्हिचने पाथ दिला आणि पहिले पान पोस्टस्क्रिप्टमध्ये निघाले.