नागपुरातून इंटरनॅशनल आर्बिट्रेशनमध्ये (आंतरराष्ट्रीय लवादात) जाता येतं का? आणि हे वकील एवढं लिहितात कायले?

धरमपेठची_लॉवाली

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरलाच पाच वर्षांचा लॉ करून राहिली आहे, सध्या चौथं वर्ष. सुट्ट्यांमध्ये सिव्हिल लाइन्सला एका सीनियर मॅडमच्या ऑफिसात इंटर्नशिप करते, तिथे आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 34 च्या, म्हणजे अवॉर्ड (लवादाचा निवाडा) रद्द करून मागायच्या फायली भरपूर येतात, रस्त्याचे कंत्राटदार, जमिनीचा मोबदला असं सगळं, आणि मला ते काम मनापासून आवडायला लागलंय. सेमिनारसाठी मी एमान्युएल गायार या फ्रेंच वकिलाबद्दल वाचलं. माणूस पॅरिसला प्रोफेसर, एका मोठ्या लॉ फर्मच्या आर्बिट्रेशन टीमचा प्रमुख, युकोस या रशियन तेल कंपनीच्या शेअरहोल्डर्सकडून रशियाविरुद्ध लढला, 2014 ला 50 अब्ज डॉलरच्या वरचा अवॉर्ड मिळवला, आणि हे चालू असताना पुस्तकं, लेख, हेगला लेक्चर्स. 2021 ला स्वतःची फर्म काढली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. मला प्रश्न पडला की एवढी प्रॅक्टिस असलेला माणूस लिहितो कायले, त्याला वेळ कुठून मिळतो, आणि मुळात त्याची गरज काय.

दुसरा प्रश्न सरळ माझ्यापुरता. घरी बाबा म्हणतात सनद घे, जिल्हा कोर्टात दिवाणीची प्रॅक्टिस धर, हे परदेशी लवादाचं खूळ मुंबई-दिल्लीच्या पोरांसाठी आहे. खरंच तसं आहे का? एलएलएम बाहेरून करावं लागतंच का, आणि खर्चाचं काय? आमच्या घरची परिस्थिती साधी आहे. कोणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

---

बेंचवर_उभा

ताई, मी नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करतो आणि माझ्या कामातला मोठा भाग आर्बिट्रेशनचाच आहे, म्हणून आधी इथलं सांगतो. तुझ्या हातात ज्या फायली आहेत ना, त्या सोडू नकोस. हायवेसाठी जमीन गेली की मोबदल्यावरून वाद, तो नॅशनल हायवेज ॲक्टखाली लवादाकडे, लवाद म्हणजे सरकारनेच नेमलेला अधिकारी, मग शेतकरी कलम 34 घेऊन जिल्हा न्यायालयात, मग कलम 37 चं अपील आपल्या खंडपीठात. यात एक फार मोठा प्रश्न अडकलाय, कोर्टाला अवॉर्डमधली रक्कम बदलता येते की फक्त अवॉर्ड रद्दच करता येतो. 2021 ला हकीमच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं बदलता येत नाही. म्हणजे मोबदला कमी वाटला तर अवॉर्ड रद्द करून घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, म्हाताऱ्या शेतकऱ्यानं किती वर्षं वाट पाहायची? मग 2025 ला गायत्री बालासामीच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक असं ठरवलं की मर्यादित प्रमाणात बदल करता येतो. मूळ अवॉर्डला कोर्टानं किती हात लावायचा, हाच वाद सिंगापूर, लंडन, पॅरिसलाही आहे. तू ज्या गोष्टीला लोकल समजतेस ती तीच गोष्ट आहे.

आता इंटरनॅशनल. एक पक्ष परदेशी असला आणि सीट (आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण) भारतात असली की आर्बिट्रेटर नेमायचा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात जातो, आणि अवॉर्डला आव्हान 2015 च्या दुरुस्तीनंतर हायकोर्टात. सीट परदेशात असेल तर 2012 च्या बाल्को निकालानंतर आपल्या कोर्टांना तो अवॉर्ड रद्द करता येत नाही, पण वसुली तर इथेच करावी लागते, जिथे हरलेल्याची मालमत्ता आहे तिथे. उद्या बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्यावर परदेशी कंपनीचा अवॉर्ड आला तर फाइल कुठे येईल? इथेच. तेव्हा परदेशी अवॉर्डच्या वसुलीची कलम 47, 48 नीट माहीत असलेला वकील शहरात किती जणांना सापडेल याचा विचार कर.

बाबांना सांग की दिवाणी आणि आर्बिट्रेशन एकमेकांच्या आड येत नाहीत. प्लीडिंग, पुरावा, उलटतपासणी हे जिल्हा कोर्टातच शिकायला मिळतं, आणि उलटतपासणी येणारा माणूस ट्रिब्युनलसमोर, म्हणजे आर्बिट्रेटरांसमोर, कधी घाबरत नाही.

---

सिंगापूरचा_वऱ्हाडी

मी मूळ अमरावतीचा, शिकलो नागपूरला, आता सिंगापूरला एका डिस्प्यूट्स टीममध्ये आहे. लिहिण्याबद्दलच्या प्रश्नावर मला बोलायचंय कारण तोच खरा प्रश्न आहे.

कोर्टात जज कोण मिळेल ते तुमच्या हातात नसतं. आर्बिट्रेशनमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक पक्ष एक एक नाव देतो आणि तिसरा अध्यक्ष ते दोघं मिळून किंवा संस्था ठरवते. सुनावण्या बंद दाराआड, कमर्शियल अवॉर्ड सहसा छापून येत नाहीत. मग हा माणूस विचार कसा करतो हे समोरच्याला कळणार कसं? त्याचे लेख वाचून. नाव सुचवायच्या आधी आम्ही जुनी लेक्चर्स, परिषदेतली भाषणं, जर्नलमधले लेख सगळं काढून बसतो, समजा अमुक प्रोफेसरांचं आर्बिट्रेशन क्लॉजवर सही न केलेल्या कंपनीला ओढून आणण्याबद्दल काय मत आहे. म्हणून इथे विद्वत्ता आणि धंदा वेगळे काढताच येत नाहीत, पानापानानं नाव तयार होतं.

पण त्याला किंमतही आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. उर्बासर विरुद्ध अर्जेंटिना या केसमध्ये प्रोफेसर मॅकलाकलन यांच्यावर आक्षेप घेतला गेला, कारण काय तर त्यांनी आधी जे लिहिलं होतं त्यातली मतं आक्षेप घेणाऱ्यांच्या विरोधात आहेत म्हणून. 2010 ला तो आक्षेप फेटाळला गेला, आणि बरं झालं, नाहीतर विचार करणारा कोणीच आर्बिट्रेटर होऊ शकला नसता. आणि तू वाचलेल्या गायारांचंच घे. टेलिकॉम मलेशिया विरुद्ध घाना मध्ये ते आर्बिट्रेटर होते आणि त्याच वेळी दुसऱ्या एका केसमध्ये मोरोक्कोविरुद्ध एका इटालियन कन्सॉर्टियमचे वकील, तिथे ते जो अवॉर्ड रद्द करून मागत होते त्याच अवॉर्डचा आधार घाना घेत होता. घाना हेगच्या जिल्हा न्यायालयात गेला, 2004 ला कोर्ट म्हणालं दोन्हीपैकी एक निवडा, त्यांनी वकिली सोडली आणि आर्बिट्रेटर राहिले. एका हातानं युक्तिवाद आणि दुसऱ्या हातानं निवाडा, हे चालावं का, यावर आजही भांडणं होतात. माझं स्पष्ट मत आहे की चालू नये, निदान तोच कायद्याचा प्रश्न दोन्हीकडे असेल तेव्हा तर नाहीच.

युकोसचा अवॉर्ड 2014 ला आला, 2016 ला हेगच्या कोर्टानं रद्द केला, 2020 ला वरच्या कोर्टानं पुन्हा जिवंत केला. या क्षेत्रात जिंकणं आणि पैसे हातात येणं यात केवढं अंतर असतं ते यावरून समजून घे. वेळ कुठून मिळतो विचारलंस, तर टीम मोठी असते, ज्युनियर संशोधन करतात, आणि तो ज्युनियर म्हणजे पहिली बरीच वर्षं तू असणार आहेस. रात्री उशिरापर्यंत कागदपत्रं लावणं, साक्षीदारांच्या जबाबाचे मसुदे, क्वांटमच्या (भरपाईच्या रकमेच्या) एक्स्पर्टचे आकडे तपासणं, हेच काम. ते आवडत असेल तरच ये.

---

निवृत्त_मास्तर

मी कायदा शिकवत होतो, त्यामुळे थोडं पुस्तकी लिहितो, चालवून घ्या.

पोरी, गायारांचं काम समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या मूळ प्रश्नापासून सुरू कर: आर्बिट्रेटरला अधिकार देतो कोण? एक उत्तर, सीटच्या देशाचा कायदा. दुसरं, जे जे देश अवॉर्ड मान्य करतात ते सगळे मिळून. तिसरं उत्तर, ज्याच्या बाजूनं ते स्वतः उभे राहिले, की देशांच्या कायद्यांच्या वर एक स्वतंत्र लवादाची व्यवस्था तयार झाली आहे आणि अधिकार तिथून येतो. 2007 ला हेग ॲकॅडमीत त्यांनी हेच मांडलं.

हे हवेतलं वाटतं ना? मग पुत्राबालीची केस वाच. इंडोनेशियाच्या विक्रेत्यानं पांढरी मिरी पाठवली, जहाज बुडालं, पैसे द्यायचे की नाही यावर लंडनमध्ये आर्बिट्रेशन. 2001 ला पहिला अवॉर्ड खरेदीदाराच्या बाजूनं. इंग्लंडच्या कोर्टानं तो अंशतः रद्द केला, मग 2003 ला दुसरा अवॉर्ड आला, विक्रेत्याच्या बाजूनं. तरी खरेदीदार पहिलाच अवॉर्ड घेऊन फ्रान्सच्या कोर्टात उभा! आणि 2007 ला फ्रान्सच्या कूर द कासासिओनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं, तो मान्य केला, कारण दिलं की आंतरराष्ट्रीय अवॉर्ड कोणत्याही एका देशाच्या कायदेव्यवस्थेला बांधलेला नाही. म्हणजे जे प्रोफेसर लोक लेखात मांडत होते ते निकालपत्रात आलं आणि एका व्यापाऱ्याच्या खिशावर त्याचा परिणाम झाला. मला स्वतःला हा निकाल पटत नाही. दोघांनी मिळून लंडन निवडलं तर लंडनच्या कोर्टाचं ऐकावं. पण मत बनवायच्या आधी दोन्ही बाजू वाच.

आणि कोळशाच्या मुलखातली आहेस तर व्हाइट इंडस्ट्रीज नक्की वाच. ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाबरोबर 1989 चा करार, झारखंडमधल्या पिपरवार खाणीचा. 2002 ला आयसीसीचा (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचा) अवॉर्ड कंपनीच्या बाजूनं, साधारण 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. आपल्या कोर्टांत तो नऊ वर्षं अडकला. मग कंपनीनं भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली भारत सरकारलाच लवादात ओढलं, आणि 2011 ला ट्रिब्युनल म्हणालं की हक्क बजावायचे परिणामकारक मार्ग भारतानं दिले नाहीत. गंमत पहा, ते कलम ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, कुवेतबरोबरच्या करारातून उसनं घेतलं होतं, परममित्र राष्ट्राच्या तरतुदीच्या (दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आम्हालाही द्या) आधारे. यानंतर भारतानं आपला मॉडेल करारच बदलला आणि जुने बहुतेक करार संपवले. एक छोटी रक्कम आणि केवढा परिणाम.

वाचायला सुरुवात 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनपासून कर, परदेशी अवॉर्ड मान्य करण्याचा तो आंतरराष्ट्रीय करार. फक्त 16 कलमं आहेत, एका दुपारी होतात. त्यामागे पीटर सँडर्स या डच प्रोफेसरांचं डोकं होतं, आणि पुढे त्यांचेच देशबांधव व्हान डेन बर्ग यांनी 1981 ला त्यावर प्रबंध लिहिला, तो जगभरच्या कोर्टांनी वापरला. आपल्याकडे फली नरिमन होते, आयसीसीए या आंतरराष्ट्रीय लवाद परिषदेचे अध्यक्ष झाले होते, आणि ते घडले मुंबईच्या कोर्टात.

---

धरमपेठची_लॉवाली

सर, दादा, सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मिरीची केस आजच वाचायला घेते. एलएलएम आणि खर्चाचं कोणी सांगेल का? आणि व्हिएन्नाच्या मूटबद्दल (विद्यार्थ्यांची नकली खटल्याची स्पर्धा) सीनियर सांगत होते, त्यासाठी टीम करावी का?

---

सिंगापूरचा_वऱ्हाडी

मूट कर, शंभर टक्के कर. विस मूटमध्ये वाद आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा असतो आणि त्याला सीआयएसजी, म्हणजे मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार, लागतो. भारत त्या करारात नाही त्यामुळे कॉलेजात ते फारसं कोणी शिकवत नाही, स्वतः बसून शिकावं लागतं, पण दोन्ही बाजूंचे मेमोरँडम लिहिताना जी सवय लागते ती आयुष्यभर पुरते. व्हिएन्नाचा खर्च झेपत नसेल तर हाँगकाँगला त्याचंच भावंड आहे, विस ईस्ट.

एलएलएम लगेच नको. दोन-तीन वर्षं काम कर, मग क्वीन मेरी लंडन, जिनिव्हाचं मिड्स (लवादाचा एलएलएम कोर्स), स्टॉकहोम, सिंगापूरचं एनयूएस यापैकी बघ. लगेच गेलीस तर डिग्री येईल पण मुलाखतीत सांगायला एकही केस नसेल. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला तसाही दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं, ते मान्य असेल तरच अर्ज कर. मधल्या काळात सीआयआर्ब या लंडनच्या आर्बिट्रेटर संस्थेची मेंबरशिप घेता येते, मुंबईला एमसीआयए हे लवाद केंद्र 2016 पासून आहे तिथे तरुण वकिलांचे कार्यक्रम होतात, तिथे जात रहा.

---

बेंचवर_उभा

शिष्यवृत्तीत राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पण बघ, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत बदलतात, त्यामुळे कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नको, जाहिरात स्वतः वाच. विद्यापीठाचं रँकिंग आणि ऑफर लेटर हे आधी लागतं, म्हणजे अर्जाची तयारी एक वर्ष आधी.

आणि लिहायचं म्हणशील तर आत्ताच सुरू कर. हकीम आणि बालासामी दोन्ही निकाल समोर ठेव, तुझ्या मॅडमकडच्या फायलींत जमिनीच्या मोबदल्याचे जे मुद्दे वारंवार येतात ते नावं काढून मांड, आणि मर्यादित बदल म्हणजे नेमकं कुठपर्यंत, यावर पाच-सहा पानं लिही. हायवेच्या मोबदल्यावर विदर्भातून कोणी नीट लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. मॅडमची परवानगी घे. झालं की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो, मास्तरांनाही दाखवू.

---

निवृत्त_मास्तर

पाठव, मी वाचतो. फक्त तळटीपा व्यवस्थित दे आणि निकालाचा परिच्छेद क्रमांक प्रत्येक ठिकाणी लिही.