‘आर्टे’ म्हणजे कला की विद्या?

प्रश्न : पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या दरबारी नृत्यावर लेख लिहिते आहे. दोमेनिको दा पियाचेन्झा आणि त्याचे दोन शिष्य, आन्तोनिओ कोर्नात्सानो (१४५५) आणि गुलिएल्मो एब्रेओ (१४६३), तिघांच्याही ग्रंथांच्या नावांत ‘आर्टे’ आहे. सरळ ‘कला’ लिहू का? आणि त्यांच्या ग्रंथांतल्या ‘मिझुरा’ या संज्ञेला काय म्हणावं? ताल, लय, माप?

– ‘कला’ चूक नाही, पण त्यांचं म्हणणं त्यातून निसटतं. तेव्हा आर्टे म्हणजे नियमांनी बांधलेलं, शिकवता येणारं ज्ञान. संगीत अंकगणित-भूमितीच्या पंक्तीला बसलेलं, तेव्हाच्या युरोपात मान्य असलेल्या सात विद्यांपैकी एक. नाच मात्र पंक्तीबाहेर, धर्मोपदेशकांच्या रोषाचा धनी. गुलिएल्मो नृत्याचा उगम संगीतात दाखवतो, दोमेनिको थेट ॲरिस्टॉटलचा आधार घेतो. नृत्याला नुसतं सुंदर म्हणवून घेणं त्यांना पुरेसं नव्हतं, त्यांना ते पंक्तीत बसवायचं होतं. माझ्या मते ‘नृत्यविद्या’ लिहा. आपल्याकडे चौसष्ट कलांत नृत्य आधीपासूनच आहे, त्यामुळे ‘कला’ म्हटलं की ही धडपड मराठी वाचकाला जाणवतच नाही.

– मिझुराबद्दल. नाचाच्या गतीच्या मिझुरा चार: बास्सादान्झा, क्वातेर्नारिया, साल्तारेल्लो, पीव्हा. बास्सादान्झा सर्वांत संथ, पावलं जमिनीलगत. पीव्हा सर्वांत जलद. इथे ‘लय’ चालेल. पण दोमेनिको हाच शब्द देहाच्या हालचालीलाही लावतो: अति नको, उणंही नको. तिथे ‘लय’ तोकडी पडते. आपण ‘मापात राहा’ म्हणतो, त्यातलं ‘माप’ मला दोन्हीकडे बसतंय.

प्रश्नकर्ती : ‘माप’ आवडलं, तेच घेते. पण एक शंका. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यावरच्या संस्कृत ग्रंथात ताललयावर उभं ते नृत्त आणि भावावर उभं ते नृत्य. मग हे सगळं नृत्तच ना? ‘नृत्यविद्या’ कशी म्हणू?

– बास्सादान्झा हे मिझुरेचं नाव, तसंच एका नाचाच्या प्रकाराचंही. तो प्रकार नृत्तच म्हणा. ‘बाल्लो’ हा नाचाचा दुसरा प्रकार मात्र वेगळा. दोमेनिकोच्या ‘जेलोझिया’ या बाल्लोत तीन जोड्या असतात आणि पुरुष जोडीदारीण बदलत जातात. नावाचा अर्थच मत्सर. ‘मेर्कान्त्सिया’त एक स्त्री आणि तीन पुरुष, नावाचा अर्थ व्यापार. इथे मापात भाव शिरलाय, म्हणून ‘नृत्य’ हक्काने लिहा. याच बाल्लोचं लघुरूप ‘बाल्लेत्तो’, आणि फ्रेंचांनी त्याचंच बॅले केलं.