कोल्ड प्रोसेस साबणात जायफळाचा वास टिकत नाही

साबणघर:
कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेलं आणि कॉस्टिकचं पाणी न उकळता मिसळून, साबण करते. १ किलो तेलाचा घाणा: खोबरेल ३५ टक्के, ऑलिव्ह ४५, भिरंडेल (कोकमाचं तेल) १५, एरंडेल ५. मिश्रण ५० अंशांवर असताना ट्रेस आला (मिश्रण दाट होऊ लागलं) की जायफळाचं तेल ३० ग्रॅम आणि जायफळपूड २ चमचे घालते. साचा टॉवेलात गुंडाळते. तीन आठवड्यांत वास जवळजवळ जातो, पुडीच्या कणांभोवती तपकिरी वलयं येतात आणि वडी अंगाला खरखरीत लागते. तेल वाढवावं का?

गंधी:
ताई, वाढवू नका, उलट कमी करा. या तेलाचा मोठा भाग सॅबिनीन, पायनीन अशा टर्पीन गटातल्या हलक्या वासद्रव्यांचा. ते उष्णतेने आधी उडतात. शिवाय त्यात सॅफ्रोल हे अपायकारक मानलं जाणारं द्रव्य असतं. युरोपच्या नियमात तयार मालात त्याची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग). तेलात २ टक्के सॅफ्रोल धरलं, तर ३० ग्रॅममधून ०.६ ग्रॅम येतं. वाळल्यावर साबण साधारण १.३ किलो भरतो, म्हणजे ४६० पीपीएम! ६ ग्रॅमवर या. दर लॉटला टक्केवारी बदलते, म्हणून विक्रेत्याकडून जीसी रिपोर्ट (तेलातल्या घटकांची टक्केवारी देणारा प्रयोगशाळेचा अहवाल) मागाच. तो देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

वास धरून ठेवायला जड तेलं हवीत: देवदार १२ ग्रॅम, पाचौली ४, नागरमोथा २. लवंग १ ग्रॅमच; तिच्या युजेनॉलने ट्रेस धावतो, साच्यात ओतायलाही वेळ मिळत नाही. तापमान ४० च्या आसपास ठेवा. फार खाली नेलंत तर भिरंडेल थिजून खोटा ट्रेस दिसेल. साचा गुंडाळू नका.

बागाईतदार:
पूड काढूनच टाका. वलयं तिचीच: अल्कलीत (कॉस्टिकमध्ये) तिचा रंग सुटतो. सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ वेगळं, तो लेप गुळगुळीत होतो. साबणातली पूड मात्र कितीही चाळा, टोचतेच.

साबणघर:
मग पूड खोबरेलात मुरवून, गाळून घेतली तर? एकदा केलं होतं, थंड झाल्यावर तेल गढूळ झालं.

बागाईतदार:
खराब झालं नव्हतं. जायफळात पाव भागाहून जास्त स्थिर (न उडणारी) चरबी असते, मुख्यतः ट्रायमिरिस्टिन. गरम तेलात ती विरघळते, थंडीत थिजते. साबणात चालेल, तिचाही साबणच होतो. पण तेवढ्याने वास येणार नाही. बामसाठी असं तेल वापरलं तर मात्र रवाळ होतं.

गंधी:
बामचा विषय निघालाच आहे तर: अंगावर राहणाऱ्या मालात जायफळाचं तेल ०.३ टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि जुनी बाटली तर मुळीच नको. हवा लागून टर्पीनं ऑक्सिडाइज होतात, त्वचेला खाज सुटते. वास टर्पेंटाइनसारखा झाला की बाटली बाद. गडद काचेच्या लहान बाटल्या काठोकाठ भरून फ्रिजात ठेवा. आणि विकणार असाल तर आधी परवाना काढा, सौंदर्यप्रसाधने नियम २०२० घरी केलेल्या साबणालाही लागू आहेत.