डुकाटीचे टायमिंग बेल्ट घरी बदलताना

प्रश्न: मॉन्स्टर ७९६ बाईकचे दोन्ही टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, उघडझाप वेळेवर ठेवणारे दातेरी पट्टे) बदलायचेत. बेल्टचं टेन्शन (ताण) मोजायला टूल नाही. ५ एमएम ॲलन की (षटकोनी किल्ली) चालेल का?

उत्तर १: चालेल, पण इंजिन पूर्ण थंड हवं. रोलर (ज्यावरून बेल्ट फिरतो ते चाक) आणि बेल्टमधून ५ ची की किंचित घासत जावी, ६ ची जाऊ नये. गरम इंजिनवर सिलिंडर प्रसरण पावलेला असतो. तेव्हा बरोबर लावलेला बेल्ट थंड झाल्यावर सैल पडतो.

उत्तर २: दादा, एका वेळी एकच बेल्ट काढा. आधी स्पार्क प्लग काढून, टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवून पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा जुळवा. नवा बेल्ट स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवू नका, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

उत्तर ३: स्टार्टर मारण्याआधी क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) दोन पूर्ण फेरे हाताने द्या. अडलं तर जोर अजिबात नको, बेल्टचा दात चुकलाय आणि व्हॉल्व्ह आत भिडतोय. रोलर खरखरत असेल तर तोही बदलाच.